शब्दचर्चा : 'सरकारी दहशतवाद' की 'राज्यसत्तेची दहशत'?

विचारणा

तुर्की लेखक बिल्गे कारासू (1930–1995) यांची 'गेजे', म्हणजे 'रात्र', ही कादंबरी 1985 साली प्रसिद्ध झाली. तिचा मराठीत परिचय करून देणारा लेख लिहिताना माझे घोडे काही शब्दांपाशी अडले आहे. कादंबरीत एका अनाम शहरावर रात्र हळूहळू पसरत जाते, 'रात्रीचे कामगार' म्हणून ओळखले जाणारे लोक रस्तोरस्ती हिंडून माणसांवर हल्ले करतात, आणि हे सारे कोणाच्या हुकमावरून चालले आहे याचा वाचकाला शेवटपर्यंत नीटसा उलगडा होत नाही. निवेदक बदलत राहतात, तळटिपांमधून लेखक स्वतःच्याच मजकुरावर शंका घेतो. अशा भयाला 'सरकारी दहशतवाद' म्हणावे काय? या प्रकारच्या कादंबरीला 'डिस्टोपिया', म्हणजे भयाण समाजाचे कल्पित चित्र, याखेरीज दुसरा शब्द आहे काय? आणि त्या 'कामगारां'ना मराठीत काय म्हणावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद पहिला

'दहशतवाद' टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या मराठीत हा शब्द कानांवर पडताच बॉम्बस्फोट आणि शासनाविरुद्ध शस्त्र उचललेली संघटना डोळ्यांपुढे उभी राहते. त्याला 'सरकारी' हे विशेषण जोडले की तो शब्द एखाद्या सभेतल्या आरोपासारखा वाटू लागतो. गंमत अशी की ज्या युरोपीय शब्दाचा हा प्रतिशब्द आहे, तो मुळात शासनालाच उद्देशून वापरात आला होता : 1793–94 मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने गिलोटिनच्या बळावर जो कारभार केला त्याला 'दहशत' हेच नाव पडले, आणि तसा कारभार करणाऱ्यांना पुढे 'दहशतवादी' म्हटले गेले. मराठीत तो अर्थ आता रुजण्यासारखा नाही.

आपल्याकडे 'दहशत' हा नुसता शब्द पुरेसा आहे, मात्र त्याचे क्रियापद पारखून घ्यावे लागते. गावगुंड दहशत माजवतात. सत्ता दहशत बसवते. 'माजवणे' यात गलका आहे, हाणामारी आहे, आणि ती ओसरण्याची शक्यताही आहे. 'बसवणे' यात तसे काही नाही. जी दहशत बसली ती शिपाई दिसेनासा झाला तरी बसलेलीच राहते, लोक आपसूक आवाज खाली आणतात, दार वाजले की आधी एकमेकांकडे पाहतात. कारासूंच्या कादंबरीतील भय या दुसऱ्या जातीचे आहे.

ओघाने आले म्हणून सांगतो. तुर्कीतही 'देहशेत' हा शब्द आहे आणि आपल्या 'दहशती'सारखाच तो अरबीतून आलेला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ थक्क होणे, भांबावणे असा होता, आणि तुर्की बोलीत आजही एखादा चित्रपट 'देहशेत' आहे असे कौतुकाने म्हणतात. लष्करी उठावाला तुर्कीत 'दार्बे' म्हणतात, म्हणजे आघात. आपली 'जरब' त्याच अरबी धातूची. राज्यसंस्थेला 'देव्लेत' म्हणतात, आणि बखरींत 'दौलत' हा शब्द राज्य याच अर्थाने येतो हे येथे वेगळे सांगायला नको.

पण या नातेसंबंधांवर भाळून परिचयात 'जुलूम', 'जरब', 'हुकूमत' यांची आरास मांडू नये. कारासू हे अरबी-फारसी शब्द टाळून अस्सल तुर्की शब्दांवर गद्य उभे करणारे लेखक होते. 12 सप्टेंबर 1980 रोजी जनरल केनान एवरेन यांच्या नेतृत्वाखाली सैन्याने सत्ता घेतली, त्यानंतर सुमारे 6.5 लाख लोकांची धरपकड झाली, पन्नासच्या आसपास लोकांना फाशी दिले गेले. आणि 1985 मध्ये, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, तेथील सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणीने नव्याने घडवलेल्या 200 हून अधिक तुर्की शब्दांवर बंदी घातली. शब्दांची निवड ही तेथे राजकीय बाब होती. मग मराठीत संस्कृतप्रचुर भाषा योजावी काय? सावरकरांच्या भाषाशुद्धीशी तुलना सुचते खरी, पण आपल्याकडे संस्कृत घडणीच्या शब्दांना परिपत्रकाचा वास येतो आणि तुर्कस्तानात त्या काळी अस्सल तुर्कीचा आग्रह बहुधा डाव्या व निधर्मी लेखकांचा असे, त्यामुळे एकास एक जोडी जमत नाही. धसका, धास्ती, सावट, चाहूल, दबा, काळोख हे घरातले शब्द हाती घ्यावेत.

प्रतिसाद दुसरा

एवढा काथ्याकूट कशासाठी? मराठीत 'दडपशाही' हा रुळलेला शब्द आहे. ब्रिटिश अमदानीपासून आणीबाणीपर्यंत वृत्तपत्रांनी तो वापरला आहे आणि त्यात करणारी सत्ताच असते, याबद्दल कोणाच्या मनात संदेह राहत नाही.

प्रतिसाद तिसरा

'दडपशाही'त करणारा स्पष्ट असतो हे खरे, आणि नेमकी तीच येथे अडचण आहे. सभा उधळली, वृत्तपत्राला टाळे ठोकले, मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत टाकले, ही दडपशाही. कोणता नियम मोडला म्हणून मार बसला तेच कळू नये, उद्या कोणाची पाळी आहे हेही ठाऊक नसावे, ही अवस्था त्या शब्दात मावत नाही. परिचयात तुर्कस्तानच्या इतिहासाचा जो परिच्छेद असेल तेथे 'दडपशाही' चालेल, कादंबरीच्या वर्णनात 'दहशत' ठेवावा.

त्याच इतिहासात आणखी एक खाचखळगा आहे. पोलीस कोठडीतून ज्यांचा पुढे पत्ताच लागला नाही त्यांच्यासाठी तुर्कीत 'कायिप' हा शब्द आहे; तो आपल्या 'गायब'चा भाऊ. 1995 पासून इस्तंबूलच्या गालातासराय चौकात दर शनिवारी त्यांची छायाचित्रे घेऊन आप्तस्वकीय बसू लागले. अशा माणसांना 'बेपत्ता' म्हणू नये. बेपत्ता मनुष्य स्वतःहून निघून गेलेला असू शकतो, जत्रेत चुकलेलाही असू शकतो. 'गायब केलेले' असे प्रयोजक लिहावे, म्हणजे कर्ता न सांगताही तो वाक्यात हजर राहतो.

'रात्रीचे कामगार' हे आहे तसेच राहू द्यावे. 'मारेकरी' लिहिले तर लेखकाने जे झाकून ठेवले ते आपण उघड करून बसतो, आणि 'रात्रपाळीचे कामगार' लिहिले तर मुंबईच्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो. हिंसा हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे, हत्यारेही त्या कामाची आहेत. 'कामगार' या साध्या शब्दाने ती थंड व्यवस्था व्यक्त होते.

'डिस्टोपिया'चे म्हणाल तर तुर्कीतही 'दिस्तोप्या' रूढ आहे, सोबत 'कारा उतोप्या', म्हणजे 'काळा युटोपिया', असाही प्रयोग होतो. 'दुःस्वप्नराज्य' मला पटत नाही, कारण स्वप्नातून जाग येते. मराठी वाचक 'डिस्टोपिया' ओळखतो, तोच ठेवावा.

विचारणाकर्त्याचे पुढील टिपण

सर्वांचा आभारी आहे. सूचना लक्षात घेऊन पहिले वाक्य असे केले आहे : "शहरात दहशत केव्हा बसली हे कोणालाच सांगता येत नाही, रात्रीचे कामगार आपल्या कामावर निघालेले असतात." एक शंका उरते. कादंबरीच्या आरंभी रात्र खाली उतरते, आधी खोलगट जागा भरते आणि मग पसरते. मराठीत मात्र रात्र होते, पडते, किंवा चढते. 'रात्र उतरली' म्हटल्यावर ती संपत आली, असे तर कोणी समजणार नाही ना?

प्रतिसाद तिसरा (पुढे चालू)

समजण्याचा धोका आहे, कारण ऊन आणि ताप उतरतात तेव्हा ते कमी होतात. 'रात्र खाली उतरू लागली होती, खळगे केव्हाच भरले होते' असे 'खाली' या शब्दासह लिहिल्यास दिशा स्पष्ट होईल आणि 'चढणे' टाळता येईल.