इटलीतल्या बातम्यांचा कल मोजायचा कसा? ‘पार कॉन्दिचो’ आणि मिनिटांचा हिशेब (चौघांची चर्चा; मजकुरावरची नावं ही त्यांची टोपणनावं)

नोंदवही

इटलीत निवडणुकीच्या काळात टीव्ही-रेडिओवर सगळ्या पक्षांना समान संधी द्यावी लागते, त्या कायद्याला ‘पार कॉन्दिचो’ म्हणतात, एवढं माहीत आहे. तरीही तिथले विरोधक ‘राय’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेला (राय १, राय २, राय ३ या तिच्याच वाहिन्या) सर्रास ‘तेलेमेलोनी’ म्हणतात, म्हणजे उजव्या पंतप्रधान जॉर्जा मेलोनींचा टीव्ही. आगकॉम ही तिथली नियामक संस्था कोणत्या बातमीपत्रात कोण किती वेळ दिसलं याचे तक्ते प्रसिद्ध करते. ते उघडले, पण एकाच नेत्यासमोर तीन वेगवेगळ्या वेळा दिसतात आणि पंतप्रधान एका ओळीत, त्यांचा पक्ष दुसऱ्याच ओळीत. हे तक्ते नेमके वाचायचे कसे? आणि कायदा एवढा काटेकोर असेल तर पक्षपाताची ओरड थांबत का नाही?

मोजपट्टी

आधी तीन वेळांबद्दल. ‘तेंपो दी परोला’ म्हणजे नेता स्वतःच्या तोंडाने बोलला तो वेळ. ‘तेंपो दी नोतित्सिया’ म्हणजे निवेदक किंवा वार्ताहर त्याच्याविषयी बोलला तो वेळ. ‘तेंपो दी अंतेन्ना’ ही या दोन्हींची बेरीज. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बहुधा बेरीजच झळकते, आणि फसगत तिथेच होते. समजा दोन पक्षांना दहा-दहा मिनिटं मिळाली. एकाचे नेते त्यातली आठ मिनिटं स्वतः बोलले. दुसऱ्याचे दोनच मिनिटं बोलले आणि उरलेली आठ मिनिटं त्यांच्या अंतर्गत भांडणाची बातमी चालली. बेरीज सारखीच. बातमी भल्याची होती की बुऱ्याची, हे या तीन आकड्यांपैकी एकही सांगत नाही. म्हणून पहिले दोन रकाने वेगवेगळे वाचा.

आता ओळी. मंत्रिमंडळाचा अध्यक्ष (म्हणजे पंतप्रधान), मंत्री, प्रजासत्ताकाचे राष्ट्रपती, संसदेच्या सभागृहांचे अध्यक्ष हे ‘संस्थात्मक’ गटात, पक्ष वेगळ्या गटात. एकच व्यक्ती पंतप्रधान म्हणून बोलली तर पहिल्या गटात जाते, पक्षाध्यक्ष म्हणून बोलली तर दुसऱ्या. नुसती पक्षांची यादी पाहिली तर सत्ताधारी पक्ष बिचारे मागे पडलेले वाटतात. खरं चित्र हवं असेल तर पंतप्रधान, सरकार आणि सत्तेतले पक्ष यांची बेरीज करा, ती विरोधकांच्या बेरजेसमोर ठेवा आणि राष्ट्रपतींना बाजूला काढा. निवडणूक नसताना एक अलिखित ठोकताळा चालतो: एक तृतीयांश सरकार, एक तृतीयांश सत्तापक्ष, एक तृतीयांश विरोधक. गणित मांडलं की लक्षात येतं, या ‘समतोला’तच दोन वाटे एका बाजूचे आहेत.

बातमीपत्रं आणि चर्चेचे कार्यक्रम यांचे तक्तेही वेगळे असतात, ते एकत्र करू नका. आणि वेळपट्टी बघा. राय १वरच्या रात्री आठच्या ‘टीजी १’ या बातमीपत्रातलं एक मिनिट आणि मध्यरात्रीनंतरचं एक मिनिट घड्याळात सारखंच, पण ऐकणारे किती?

कायदा आहे २२ फेब्रुवारी २०००चा, क्रमांक २८. निवडणूक जाहीर झाल्यापासून उमेदवाऱ्या दाखल होईपर्यंत वेळ वाटला जातो तो मावळत्या सभागृहात प्रतिनिधी असलेल्या पक्षांत. उमेदवाऱ्या दाखल झाल्यावर रिंगणातल्या सगळ्या आघाड्या आणि याद्या समान पातळीवर येतात. पक्षांनी स्वतः बनवलेले संदेश टीव्हीवर १ ते ३ मिनिटांचे, रेडिओवर ३० ते ९० सेकंदांचे. मतदानाआधीचे १५ दिवस जनमत चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करायला बंदी.

खिळा

मोजपट्टीराव, हिशेब चोख आहे, पण मिनिटं मोजणं म्हणजे दुधाची उंची मोजण्यासारखं आहे, त्यात पाणी किती ते कळत नाही. पक्षपाताचं मूळ नेमणुकांत आहे.

१९७५च्या १०३ क्रमांकाच्या कायद्याने राय सरकारच्या हातून काढून संसदेच्या देखरेखीखाली आणली. हेतू चांगला होता. झालं असं की सरकारऐवजी पक्षांनी ती वाटून घेतली. पहिली वाहिनी ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांची, दुसरी समाजवाद्यांची, आणि १९८७च्या सुमारास तिसरी कम्युनिस्टांची. तिसरीच्या बातमीपत्राला विरोधक ‘तेलेकाबूल’ म्हणायचे. टोपणनावांची हौस तिथे जुनीच. या वाटपाला इटालियन शब्द आहे ‘लोत्तिझात्सिओने’, शब्दशः जमिनीचे प्लॉट पाडणे. आपल्याकडे बिगरशेती करून प्लॉट पाडतात, अगदी तसंच.

आजची घडी २०१५च्या २२० क्रमांकाच्या कायद्याची आहे. सात जणांचं संचालक मंडळ: दोन कनिष्ठ सभागृह निवडतं, दोन सिनेट, दोन सरकार, एक कर्मचारी. मुख्य कार्यकारी सरकारच्या पसंतीचा. अध्यक्षाला मात्र संसदीय देखरेख समितीची दोन तृतीयांश मान्यता लागते, म्हणजे ४० सदस्यांपैकी २७. २०२४ला मंडळ बदललं तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या उमेदवाराला ही मतं मिळेनात आणि खुर्ची हंगामी माणसावर चालवावी लागली. बातमीपत्रांचे संपादक मात्र मुख्य कार्यकारीच सुचवतो. सरकार बदललं की वरची माणसं बदलतात, मग संपादक, मग कार्यक्रमांचं वेळापत्रक. हे उजव्यांनीच सुरू केलं असं कुणी म्हणत असेल तर त्याने वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आणि जे गाळलं जातं ते कुठल्या रकान्यात धरणार? १८ एप्रिल २००२ला तेव्हाचे पंतप्रधान बेर्लुस्कोनींनी बल्गेरियात सोफियाला वार्ताहरांसमोर बिआजी व सांतोरो हे पत्रकार आणि लुत्ताझ्झी हे विनोदकार या तिघांची नावं घेऊन, त्यांनी सार्वजनिक वाहिनीचा गुन्हेगारी वापर केला असा आरोप केला. तिघेही रायच्या पडद्यावरून दिसेनासे झाले. एप्रिल २०२४मध्ये लेखक आंतोनिओ स्कुराती यांचं २५ एप्रिलच्या मुक्तिदिनानिमित्तचं स्वगत राय ३वरून रद्द झालं, तेव्हा निवेदिका सेरेना बोर्तोने यांनी ते स्वतःच वाचून दाखवलं. रद्द झालेल्या कार्यक्रमाची मिनिटं शून्य असतात, तक्त्यात तो येतच नाही.

तळटीप

दोघांच्या मधलं एक सांगायचं राहिलं: रायसाठी नियम आगकॉम करत नाही. निवडणूक आली की रायची नियमावली ती ४० जणांची संसदीय समिती ठरवते आणि खासगी वाहिन्यांची आगकॉम. म्हणजे कायदा एक, नियमावल्या दोन. २०२४च्या युरोपीय निवडणुकीआधी समितीतल्या बहुमताने अशी दुरुस्ती केली की सरकारच्या संस्थात्मक कामाची माहिती देण्याची हमी राहील. टीकाकारांचं म्हणणं सरळ होतं: मंत्री रिबीन कापतो तेव्हा ते काम की प्रचार, हे ठरवणार कोण? ‘तेलेमेलोनी’ शब्द तेव्हाच घराघरांत गेला. रायच्या पत्रकारांच्या उझीग्राय या संघटनेने बातमीपत्रांत निषेधाचं निवेदन वाचायला लावलं आणि ६ मे २०२४ला संप केला. नव्या युनिराय संघटनेने संपाला विरोध केला, त्यामुळे टीजी १ आणि टीजी २ आखूड का होईना, प्रसारित झाली. एकाच वाहिनीत दोन संघटना दोन बाजूंना, हेही लोत्तिझात्सिओनेचंच अपत्य.

नोंदवही

धन्यवाद. तक्त्यांचं कोडं सुटलं. एक पूरक शंका: मेलोनी आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या एली श्लाइन यांची समोरासमोर चर्चा मे २०२४मध्ये रद्द झाली, तीही समान संधीच्या नावाखाली. समान वेळ देणारा कायदा चर्चाच होऊ देत नाही, हे उलटं नाही का?

तळटीप

उलटं आहे, पण तर्काला धरून आहे. ती चर्चा २३ मे रोजी राय १वर व्हायची होती. दोघींनाच बोलावलं तर बाकीच्या पक्षांची संधी हुकते. आगकॉमने तोडगा काढला की संसदेत असलेल्या बहुसंख्य पक्षांनी हा आराखडा मान्य करावा. आठपैकी चारच तयार झाले. २०२२मध्ये मेलोनी आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे तेव्हाचे नेते एन्रिको लेत्ता यांच्याबाबतही असंच झालं होतं. फरक एवढाच, की तेव्हा दोघं ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाच्या संकेतस्थळावर समोरासमोर आले, कारण या कायद्याचा वेळवाटप टीव्ही-रेडिओपुरता आहे. छापील वृत्तपत्रांना त्यात मुख्यतः राजकीय जाहिरातींची अट आहे. २०००मध्ये समाजमाध्यमं नव्हतीच, तीही बाहेर. टीव्हीवर सेकंद मोजायचे आणि फोनवर रान मोकळं, अशी आजची अवस्था.

याहून मोठं छिद्र कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमतात आहे. तिथे वेळ ‘हो’ आणि ‘नाही’ यांत निम्मानिम्मा. पण राज्यघटनेच्या कलम ७५नुसार निम्म्याहून जास्त मतदार आले नाहीत तर असं सार्वमत बाद. म्हणून विरोधकांना ‘नाही’ म्हणण्यापेक्षा घरी बसा म्हणणं, किंवा विषयच न काढणं, जास्त फायद्याचं. ८-९ जून २०२५च्या पाच सार्वमतांत मतदान ३० टक्क्यांच्या आसपास अडकलं. विषयाला दोन्ही बाजूंनी समान शून्य मिनिटं दिली तरी निम्मानिम्मा हिशेब जुळतो!

मोजपट्टी

खिळा यांच्या दुधाला माझा आक्षेप नाही, पण उंची मोजली नाही तर भांडायलाही काही हातात राहत नाही. तक्रार आकड्यावरच उभी राहते. उल्लंघन झाल्यापासून दहा दिवसांत संबंधित राजकीय पक्षाने आगकॉमकडे जायचं; प्रत वाहिनीला, प्रादेशिक कोरेकोम समितीला आणि ग्वार्दिया दी फिनान्त्सा या आर्थिक पोलिस दलाला. आगकॉमने ४८ तासांत निर्णय द्यायचा. शिक्षेपेक्षा भरपाईवर भर असतो: ज्याचा वेळ बुडाला त्याला प्राधान्य देणारा कार्यक्रम दाखवायचा. गंमत ही की मतदानाला तीन दिवस उरले असताना भरपाई मिळाली तर ती कोण बघणार? आगकॉमच्या पाच जणांपैकी चार संसद निवडते, अध्यक्ष पंतप्रधान सुचवतात, तेही ध्यानात ठेवा.

अवांतर: आपल्याकडे दूरदर्शन-आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो, पण खासगी वाहिन्यांच्या बातम्यांत कोणाला किती मिनिटं मिळाली याचा असा अधिकृत तक्ता निघत नाही. त्या बाबतीत इटलीचा हेवा वाटावा.

खिळा

हेवा तक्त्याचा करा, निकालाचा नको. :)

नोंदवही, तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर एक आठवडा घ्या. संध्याकाळी सातचं टीजी ३, आठचं टीजी १, आठचंच ला७ आणि टीजी ५. एकाच वेळेची रेकॉर्ड करून नंतर बघावी लागतील. राजकीय बातमी किती मिनिटांची, हे आगकॉम मोजेलच. तुम्ही तीन गोष्टी टिपा. एक, शेवटचा शब्द कोणाचा. तिथे ‘पनीनो’ म्हणजे सँडविच नावाची जुनी पद्धत आहे: वर सरकार, मध्ये विरोधक, खाली पुन्हा सत्तापक्ष. विरोधकाची मिनिटं पूर्ण भरतात, पण प्रेक्षकाच्या कानात राहतं ते शेवटचं वाक्य. दोन, वार्ताहराचा प्रश्न ऐकू येतो का. नेता थेट बोलू लागला आणि समोर कोणी विचारणाराच नसेल, तर ती मुलाखत नव्हे, निवेदन. कधी कधी पक्षाने स्वतः चित्रित करून धाडलेलं. तीन, इतर तीन बातमीपत्रांत असलेली कोणती बातमी चौथ्यात नाही.

मालकही शेजारी लिहून ठेवा: टीजी ५ बेर्लुस्कोनी कुटुंबाच्या मीडियासेटचं, ला७ उर्बानो काइरोंचं, आणि ‘कोर्रिएरे’ही त्यांचंच. ‘लीबेरो’, ‘इल तेंपो’ आणि २०२३पासून ‘इल जोर्नाले’ हे आंजेलुच्ची घराण्याचं; त्यातले आंतोनिओ आंजेलुच्ची स्वतः लेगा पक्षाचे खासदार. ‘इल सोले २४ ओरे’ उद्योजकांच्या संघटनेचं. वृत्तपत्राने बाजू घेणं तिथे कोणाला खटकत नाही, वाचक पैसे देऊन ती बाजू विकत घेतो. रायचं तसं नाही. तिचं वार्षिक शुल्क ९० युरो, २०१६पासून विजेच्या बिलातूनच वसूल होतं. त्यामुळे ‘तेलेमेलोनी’ म्हणणाराही ते भरतोच.