मदत हवी आहे: तो माळ की ती माळ? चिठ्ठ्यांच्या खेळावरून घरात तंटा

मंडळी, ठाण्याच्या नौपाड्यातले आम्ही सातआठ जण महिन्यातून एका रविवारी कोडनेम्स खेळतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी: पाच बाय पाच असे २५ शब्द मांडायचे. कोणता शब्द कोणाचा, ते फक्त दोन्ही कॅप्टनना ठाऊक. आधी खेळणाऱ्या टीमचे ९, दुसरीचे ८, कोणाचेच नाहीत असे ७ आणि एक मारेकरी. त्याला बोट लागलं की डाव खलास. कॅप्टनने बोलायचं एवढंच: क्लू म्हणून एक शब्द आणि त्यावरून टीमने आपले किती शब्द ओळखायचे तो एक आकडा. खेळ २०१५ सालचा, एका चेक डिझायनरचा. इंग्रजी पत्ते आईला आणि मामांना नको होते, म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून आम्ही दोनशे मराठी चिठ्ठ्या केल्या. तिथून भांडणं सुरू.

गेल्या रविवारी वहिनीने क्लू दिला, 'लोकल, ३'. टीमने कळवा उचललं, खार उचललं, दिवा उचलला. तिन्ही मुंबईच्या लोकलची स्टेशनं, तिन्ही बरोबर. मामा (निवृत्त मराठी शिक्षक) उखडलेच. दिवा म्हणजे देवापुढचा, खार म्हणजे झाडावरची, "आणि चिठ्ठी मी लिहिलीय, मला माहीत नाही?" वहिनी म्हणाली, दिव्याहून भरून आलेल्या गाडीत रोज ठाण्याला चढणाऱ्या बाईला दिवा म्हटल्यावर समई आठवायची का?

पुढच्या डावात माझीच विकेट गेली. चिठ्ठ्या मांडताना भाचा मोठ्याने वाचत होता आणि 'जग' त्याने 'जगणे'तल्या ज-ने वाचलं. माझ्या डोक्यात मात्र पाण्याचा जग. मी 'सरबत, २' म्हटलं, म्हणजे लिंबू आणि जग. टीमने लिंबू घेतलं आणि थेट साखरेवर बोट ठेवलं. साखर मारेकरी! (ती मला आधी दिसायला हवी होती, हा गाढवपणा माझाच.) पण वर टीम मलाच विचारते, ते जग तर दुनियावालं होतं ना?

'माळ' निघाली की कोणीतरी विचारतंच, तो माळ की ती माळ? कॅप्टनने सांगितलं तर फुकटचा क्लू, आणि गप्प बसलं तरी चेहरा बोलतो.

मामांचं म्हणणं, मांडतानाच प्रत्येक चिठ्ठीचा अर्थ ठरवून टाका. मला ते पटत नाही. पान झाडाचं, वहीचं, विड्याचं, पंगतीतलं, सगळी हाताशी असतात म्हणून तर एका शब्दात तीन चिठ्ठ्या गाठता येतात. मूळ नियमातही क्लूचा संबंध अर्थाशी हवा, अक्षरांशी नाही, एवढंच आहे. 'दोन अक्षरी' असला क्लू बाद. परभाषेतला शब्द तुमच्या बोलण्यात सहज येत असेल तरच चालतो, असंही आहे. पण ठाण्यात काय सहज येत नाही!

तुमच्याकडे हे कसं सोडवता?

प्रतिसाद १
चिठ्ठी टेबलावर पडली की लिहिणाऱ्याचा हक्क संपला. मामांना सांगा. आणि मांडताना वाचायचंच नाही, मुकाट मांडा. निम्मी भांडणं त्या वाचण्यातच आहेत. 'तो की ती' वर टीमने आपसात डोकं फोडावं, कॅप्टनने छताकडे बघावं. क्लू चालेल का अशी शंका आली तर समोरच्या कॅप्टनला विचारायचं, हे मूळ नियमातच आहे.

प्रतिसाद २
थोडी मामांची बाजू घेतो. आमच्याकडे नेरूळला नागपूरचे पाहुणे होते. त्यांना खार म्हणजे फक्त खार! बिचारे तासभर आमच्या रेल्वेत उभेच. तेव्हापासून टेबलावरच्या सगळ्यांना दोन्ही अर्थ माहीत नसतील तर ती चिठ्ठी त्या दिवसापुरती बाजूला ठेवतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मुकाट मांडणं सगळ्यांना मान्य झालं, मामांनाही. फक्त आज सकाळी त्यांनी स्वतः लिहिलेल्या दहा नव्या चिठ्ठ्या आणून दिल्या. पहिलीवर 'वर' आणि पुढे कंसात 'नवरदेव'. कंस खोडू की त्यांच्यासमोरच खोडू?