चौदा वर्षं, अठरा हजार किलोमीटर: घ्यावी की सोडावी?

धागाकर्ता:
दोन जुन्या गाड्यांत जीव अडकलाय. मॉडेल एकच, दोन्ही पेट्रोल. एक 2011 ची, एकहाती, निवृत्त गृहस्थांची, मीटर 18,400. दुसरी 2018 ची, पण 92,000 पळालेली. किमतीत फार फरक नाही. घरचे म्हणतात त्यातली नवी, 2018 ची घे. मला पहिलीच आवडलीय, मागच्या सीटचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही! 18 हजारांत इंजिनाचं काय झिजणार? माझ्या मते अशी गाडी मिळणं म्हणजे लॉटरी. पटत नसेल तर खुशाल झोडा.

स्पॅनरवाला:
झोडतोच. रबराला मीटर वाचता येत नाही. होज, ऑईल सील, बुश, इंजिन माउंटिंग हे सगळं उभ्या गाडीतही कडक होतं, तडकतं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) असेल तर त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत असते, आधी येईल ती धरायची. ब्रेक ऑईल ओलावा ओढून घेतं, बहुतेक कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी बदला म्हणतात. आजोबांनी किती वेळा बदललं ते विचारा.
आणि हिशेब करा: 18,400 भागिले 14, म्हणजे वर्षाला साधारण तेराशे, दिवसाला जेमतेम साडेतीन किलोमीटर. एवढ्यात ऑईल धड तापतही नाही. त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, तिथेच राहून गाळ करतं. ऑईल भरायचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा.

जुनीचभली:
साफ असहमत. मी बारा वर्षांची, 21,000 झालेली गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात टायर, बॅटरी, बेल्ट, होज आणि झाडून सगळी ऑईलं बदलली. खर्च झाला, नाही म्हणत नाही. पण आज चार वर्षं झाली, दरवाजा लावला की 'ठप्प' असा एकच आवाज येतो. 92,000 वाल्या गाडीत क्लच, सस्पेंशन, गिअरबॉक्स कोणी कसे वापरलेत, देव जाणे. रबर दुकानात मिळतं हो, न झिजलेला गिअरबॉक्स कुठून आणणार?

चौथागिअर:
मीटर खरं आहे हे गृहीत का धरताय सगळे? क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. 18 हजारांत पेडल गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3411 म्हणजे 2011 चा चौतिसावा आठवडा. मूळ टायर असतील तर मीटर खरं असण्याची शक्यता वाढते.

स्पॅनरवाला:
आणि तेच टायर भंगारात जाण्याचीही! दहा वर्षांपुढे नक्षी कितीही शाबूत दिसो, त्यावर हायवेला जाऊ नये.

निवांत:
जरा फाटा फोडतो. आमची गाडी अकरा महिने उभी होती. शेजारी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करायचे, हँडब्रेक मी ओढून गेलेलो. परत आलो तर मागची चाकं जागची हलेनात, ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं बाळंतपण झालेलं, कापूस-कागद सगळं व्यवस्थित अंथरून. पण ते रविवारचं सुरू करणं तरी बरोबर ना?

स्पॅनरवाला:
अजिबात नाही. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं ते पाच मिनिटांत भरून निघत नाही, वर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एक तर अर्धा तास नीट चालवा, नाहीतर हातच लावू नका. उभी करायचीच तर ताजं ऑईल घाला, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, बॅटरी सोडवा किंवा मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर) लावा, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा द्या. कव्हर हवा खेळेल असं कापडी. प्लास्टिकखाली गाडीला घाम फुटतो आणि पत्रा गंजतो.

जुनीचभली:
हे मात्र शंभर टक्के मान्य. (पहिल्यांदाच!)

धागाकर्ता:
आज बघून आलो. पेडल खरखरीत, सर्व्हिसची नोंदवही 2019 पर्यंत, पुढे कोरी. टायर 2911, कडेला केसाएवढ्या भेगा. आजोबा अभिमानाने म्हणाले, "दर रविवारी पाच मिनिटं सुरू करतो." मला निवांतरावांचे शेजारी आठवले. झाकणाखाली पिवळसर मलई निघाली.

स्पॅनरवाला:
मलई दिसली म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनातलं कूलंट आणि ऑईल वेगळं ठेवणारी पट्टी) गेलंच असं नाही, थंड इंजिनात ओलाव्यानेही येते. कूलंट कमी झालंय का बघा, ऑईल बदलून शंभरेक किलोमीटर चालवू देतात का विचारा. तयार नसतील तर निघा.

जुनीचभली:
टायर, बेल्ट, बॅटरी, ऑईलं यांचा खर्च किमतीतून वजा करून सांगा. पेडल खरखरीत आहे ना? मी असतो तर सोडली नसती.

धागाकर्ता:
आजोबा ऑईल बदलायला तयार आहेत. रविवारी मी चालवणार, पाच मिनिटं नाही, दोन तास.

चौथागिअर:
स्टेपनीचे आकडे बघितलेत का?