मदत हवी आहे: गणपतीच्या आधी घर रंगवायचंय, बजेट १५ हजार, वॉटरप्रूफ रंग कोणता घ्यावा?

सईची_आई
नमस्कार मंडळी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रंगवायचंय. कोपरखैरणे. बजेट जास्तीत जास्त १५ हजार, त्यापुढे एक रुपया निघणार नाही, सईची फी नुकतीच भरलीय. रंगारी बघून गेला, मटेरियलसकट ३८ हजार म्हणाला. भिंतीचे पोपडे निघतायत, मागे दिलेला रंगही दोन पावसाळ्यांत सुटला. गौरी आमच्याकडेच असतात, सगळं सासर जमतं. दुकानदार वॉटरप्रूफची तीन नावं सांगतो, तिन्ही महाग. यातला कोणता खरंच टिकतो? लवकर सांगा, शनिवारी आणायचाय.

कटिंग_चहा
खोल्यांची मापं? कितवा मजला? आत्ता भिंतीवर काय आहे, चुना, डिस्टेंपर की प्लास्टिक? तीन नावं कोणती तेही लिहिलं नाहीत. आम्ही काय पोपटवाले ज्योतिषी आहोत का? (दिवे घ्या, म्हणजे गंमत म्हणून घ्या.)

नियमावली
पोपडे म्हणजे वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं गळतंय, १०० टक्के. रंग आणायची घाई करू नका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती ही संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची. संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती त्या त्या सभासदाने. त्यामुळे आधी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सोबत तारखेसह फोटो जोडा. तोंडी बोलून काही होत नाही. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का तेही त्याच अर्जात विचारा, कायद्याने ते बंधनकारक आहे.

रातराणी
+१. आमच्या वरच्या बाईंना किती वर्षं सांगतेय नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं भांडं) बदला म्हणून. त्या म्हणतात आमच्याकडे तर कोरडं आहे. अहो तुमच्याकडे कोरडंच असणार, पाणी खाली येतं!

ईशान्य_कोन
रंग कोणताही घ्या, पण ईशान्येच्या खोलीला गडद रंग नको. स्वयंपाकघरात काळा, निळा टाळा.

सईची_आई
सोसायटी कुठून आली मध्येच? बैठं घर आहे आमचं, सिडकोचं. वर आम्हीच पत्र्याची खोली काढलीय, तिथे सासरे असतात. ना सेक्रेटरी, ना वरच्या बाई. कोपरखैरणे म्हटल्यावर कळेल असं वाटलं. खोल्या १० बाय १२ च्या, स्वयंपाकघर ८ बाय १०, उंची ९ फूट. रंगाचं सांगा ना कुणीतरी.

नियमावली
कोपरखैरण्यात इमारतीही भरपूर आहेत. असो. माहिती इतर वाचकांना उपयोगी पडेल.

होम_स्वीट_होम
ताई, रंगाच्या भानगडीतच पडू नका. पीव्हीसी पॅनल लावा. दोन दिवसांत काम, धूळ नाही, वास नाही, पुसलं की स्वच्छ. आम्ही मानपाड्याला टीव्हीची भिंत केली, लोक विचारतात कितीला पडली.

कटिंग_चहा
ओल्या भिंतीवर पॅनल? मागे बुरशी आणि झुरळांची वसाहत. आमच्याकडे काढलं तेव्हा आतली पट्टी वाळवीने खाल्लेली निघाली.

होम_स्वीट_होम
चांगल्या क्वालिटीचं लावलं नसेल तुम्ही.

सिव्हिलवाला
पॅनलचं भांडण बाजूला ठेवा. सईची आई, पोपडे भिंतीत नेमके कुठे आहेत? वर छताजवळ, मध्ये, की खाली? हाताला पांढरं काही लागतं का?

सईची_आई
खाली. हॉलच्या गल्लीकडच्या भिंतीला मांडीपर्यंत आणि आतल्या खोलीत कपाटामागे. पांढरी भुकटी येते मिठासारखी, रोज झाडते. वरचं सगळं चांगलं आहे, नुसतं मळलंय. पंख्याच्या आजूबाजूला आणि देवघराच्या वर काळपट.

सिव्हिलवाला
मग हा रंगाचा प्रश्नच नाही. जमिनीतली ओल विटेतून आणि सांध्यांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे धरतात आणि रंगाला आतून ढकलतात. तुम्ही झाडता ती भुकटी तीच, गवंडी म्हणतात लोणा लागलाय. अशा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासला तर पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग फुगे येतात, नाहीतर ओल रंगाच्या मागून आणखी वर सरकते. तीन डबे महाग आहेत हे बरंच झालं म्हणायचं, तिन्ही घेऊ नका.

आता महत्त्वाचं: त्या भिंतीच्या बाहेर काय आहे? गल्लीची जमीन घराच्या जोत्यापेक्षा वर आहे का?

अण्णा_कळवेकर
एवढी चर्चा कशाला. चुना द्या. आमच्या कळव्याच्या चाळीत दर दिवाळीला चुना असायचा, कधी पोपडे पाहिले नाहीत. चुनकळी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, थोडी नीळ, थोडा डिंक, की झालं. कंपन्यांनी लोकांना डब्यांची सवय लावलीय.

कटिंग_चहा
अण्णा, तो चुना सदऱ्याला लागायचा ते विसरलात? भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. आणि उद्या त्यावर इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लास्टिक रंग) द्यायचं म्हटलं तर सगळा खरवडून काढावा लागतो, चुन्यावर रंग धरत नाही.

अण्णा_कळवेकर
भिंतीला टेकायचं कशाला? आणि इमल्शन द्यायचंच कशाला?

सईची_आई
गल्लीचं विचारलंत म्हणून आत्ता बाहेर जाऊन बघून आले. पूर्वी आमच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते, दुसरी पेव्हर ब्लॉकखाली गेली. ब्लॉक भिंतीला अगदी चिकटून आहेत. आणि वॉशिंग मशीनचा पाइपही तिथेच कोपऱ्यात सोडलाय, सगळेच सोडतात. पण या सगळ्याचा आतल्या रंगाशी काय संबंध?

सिव्हिलवाला
सगळा संबंध तिथेच आहे. गल्ली पायरीभर वर आली म्हणजे जोतं जमिनीखाली गेलं. पूर्वी पाऊस जोत्याच्या दगडाला लागायचा, आता थेट विटेला लागतो. त्यात मशीनचं साबणाचं पाणी रोज. एक बादली पाणी पेव्हरवर ओता आणि कुठे जातं ते बघा. भिंतीकडे आलं तर रंगाऱ्याच्या आधी गवंडी बोलवा.

काम मोठं नाही. पाइप वाढवून गटारापर्यंत न्या, फार तर दोन-चारशे रुपये लागतील. भिंत आणि पेव्हर यांच्या सांध्यावर सिमेंटचा वाटा (तिरकी पट्टी) मारून घ्या, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून. आतली खरी दुरुस्ती पाऊस गेल्यावरच. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपासून खाली गिलावा विटेपर्यंत फोडायचा, भिंत उघडी ठेवून नीट वाळू द्यायची, मग वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलेला नवा गिलावा. ऑक्टोबरच्या उन्हात हे होतं. आत्ता श्रावणात केलंत तर ओल आतच कोंडेल.

रातराणी
त्यापेक्षा खाली तीन फूट टाइल्सची डॅडो लावून टाका. माझ्या आईकडे घणसोलीला लावलीय, पोछा मारता येतो.

सिव्हिलवाला
टाइल्सनी ओल थांबत नाही, टाइलच्या वर जाऊन बाहेर पडते. आज मांडीपर्यंत आहे, उद्या कंबरेच्या वर दिसेल. आईकडे टाइलच्या वरची पट्टी हाताने चाचपून बघा.

रातराणी
आईला फोन केला. म्हणाली, "तिथे कॅलेंडर लावलंय." 😐

विटेकर
टाइल्स, गिलावा सगळं ठीक, पण मुळात ही घरं पुनर्विकासाला जाणार ना? वाशीच्या जेएन टाइपवाल्यांनी (सिडकोच्याच इमारती) किती वर्षं वाट बघितली. खर्च करण्याआधी विचार करा.

नियमावली
बैठ्या घरांचा आणि इमारतींचा पुनर्विकास वेगळा. त्यासाठी वेगळा धागा काढा.

विटेकर
तुम्ही तर उपविधी इथेच सांगितलेत की.

सईची_आई
पुनर्विकास होईल तेव्हा होईल, गौरी त्याच्या आधी येतात. सिव्हिलवाले दादा, पटलं तुमचं. बादली ओतली, पाणी भिंतीकडेच येतं. सासरे आता म्हणतात, मी तेव्हाच सांगितलं होतं. पण ऑक्टोबरपर्यंत भिंत अशीच ठेवू का? सणाला पोपडे दाखवायचे पाहुण्यांना?

हातचं_काम
उशिरा येतोय, पण वर्तकनगरचं घर मी आणि मेहुण्याने हाताने रंगवलंय, म्हणून पैशांचं सांगतो.

३८ हजार आला कुठून ते बघा. तुमच्या मापांनी दारं-खिडक्या वजा जाता एका मोठ्या खोलीचं छतासकट साधारण ४७० चौरस फूट होतं, स्वयंपाकघर ३६५ च्या आसपास. तिन्ही मिळून १३०० धरा. म्हणजे रंगारी फुटाला २९ रुपये लावतोय. हा सगळ्या भिंतींना पुट्टी, प्रायमर, घासाई असा नव्याने काम करण्याचा दर झाला. तुमच्या वरच्या भिंती शाबूत आहेत, त्यांना पूर्ण पुट्टीची गरजच नाही.

करायचं असं: छताला अॅक्रिलिक डिस्टेंपर, वरच्या भिंतींना एशियन पेंट्सच्या ट्रॅक्टरसारखं स्वस्तातलं इमल्शन. वॉशेबल, सिल्क फिनिश असल्या शब्दांना भुलू नका. आधी ओला हात भिंतीवरून फिरवा. हाताला रंगाची पावडर आली तर ते खरवडून प्रायमर मारावाच लागेल, नाही आली तर नुसतं घासून, पुसून चालेल. पंख्याजवळचा काळपटपणा साबणाच्या पाण्याने धुवा, देवघराच्या वर तेलकट काजळी असते तिथे दोनदा, नाहीतर नव्या रंगातून डाग वर येतो. खिळ्यांची भोकं आणि चिरांपुरती पुट्टी, ती वाळली की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

रंग हलका घ्या. गडद शेडला मशीनमध्ये रंगद्रव्य जास्त पडतं, भाव चढतो, शिवाय तीन हात मागतो. दोन हातांना लिटरमागे शंभर-एकशेवीस फूट धरा. डब्यावरचा आकडा नव्या गुळगुळीत भिंतीचा असतो. सगळा रंग एकदम, एकाच शेड नंबरचा मिक्स करून घ्या.

मजुरी फुटावर ठरवू नका, हजेरीवर दोन माणसं घ्या, मटेरियल स्वतः आणा. रंगारी एकाच कंपनीचा डबा का मागतो? पुष्कळ डब्यांत पैसे मिळणारं टोकन असतं, ते त्याच्या खिशात जातं. त्यात वाईट काही नाही, पण डबा तुमच्यासमोर उघडू द्या आणि पाणी किती घालतो ते उभं राहून बघा. आम्ही ब्रशकाम स्वतः केलं, रोलरला एक माणूस ठेवला. हजेरी हजाराच्या आसपास होती, तुमच्याकडे विचारून घ्या. पावसात दोन हातांमध्ये वेळ जास्त सोडा, पंखा लावा, आणि मुसळधार असेल त्या दिवशी चहा प्या.

निळाई
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, विशेषतः सई लहान असेल तर. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. पेपर ओला करून घासा, मुलीला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

सईची_आई
सई सातवीत आहे, पण धाकटा रांगतोय. दारं राहू देते मग. @हातचं_काम, हे मला पहिल्याच दिवशी हवं होतं. ओला हात फिरवला, वर पावडर येत नाही. पण खालच्या तीन फुटांचं काय ते अजून कुणी सांगितलं नाही.

सिव्हिलवाला
लिहायला जड जातंय, पण खालच्या तीन फुटांना अण्णांचा चुना द्या. फक्त तिथेच. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल बाहेर पडू शकते. झडला तरी भुकटी होऊन झडतो, पापुद्रा सुटत नाही. त्याआधी जुना रंग पूर्ण खरवडा, नाहीतर चुना धरणार नाही. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ऑक्टोबरला गिलावा फोडायचाच आहे, तोवर एवढ्यावर निभेल.

अण्णा_कळवेकर
हेच मी पहिल्यापासून सांगत होतो.

सिव्हिलवाला
तुम्ही अख्ख्या घराला सांगत होतात.

अण्णा_कळवेकर
सईची आई, चुन्यात थोडी पिवडी (पिवळी माती) घाला, खाली पट्टा मारल्यासारखा दिसेल, मुद्दाम केल्यासारखा. आणि चुनकळी भिजवताना प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पाटी किंवा जुनं पिंप घ्या. पाणी अक्षरशः उकळतं, डोळ्यात उडालं तर वाईट. रांगतं मूल आहे म्हणालात, तर रात्रभर गच्च झाकून वर सासऱ्यांकडे ठेवा. तेवढी खटपट नको असेल तर दुकानात विझवलेल्या चुन्याची पिशवी मिळते.

सईची_आई
पिशवीच आणते. गवंडी उद्या येतोय, वाटा आणि पाइप मिळून दीड हजार म्हणाला. शनिवारी रंग. इमल्शन १० लिटर का २०? शिवाय सासऱ्यांना आकाशी हवाय, सईला जांभळा.

हातचं_काम
खालचे तीन फूट गेले आणि छताला डिस्टेंपर, तर भिंती सहा-साडेसहाशे फूटच उरतात. १० पुरतील. छताला डिस्टेंपर १० किलो, ५ कमी पडेल. जांभळा नको, वर सांगितलंय.

ईशान्य_कोन
आकाशी चालेल, पण स्वयंपाकघर सोडून.

फणसगरे
पूर्ण धागा वाचला नाही. आमच्या खिडकीच्या ग्रिलला गंज चढलाय, त्याला हा चुना चालेल का?

अण्णा_कळवेकर
नाही हो. गंज खरवडून रेड ऑक्साइड मारा, वर ऑइलपेंट.