'क्रोकोडाइल डंडी' (१९८६) घरी कुठे बघता येईल?

पाणकोंबडा
शनिवारी आईबाबांसोबत 'क्रोकोडाइल डंडी' बघायचा बेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या रानातला गडी थेट न्यूयॉर्कात जाऊन पडतो तो, पॉल होगनचा. शोधलं की सारख्याच नावाचे बरेच सिनेमे येतात, आणि यूट्यूबवर फुकट आहे तो कसातरीच दिसतो. भारतात रीतसर कुठे मिळेल? टीव्ही स्मार्ट नाही. लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल आहे. इंग्रजी सबटायटल्स हवीतच.

रीळवाला
आधी वर्ष बघा. १९८८चा दुसरा भाग आणि २००१चा लॉस एंजेलिसवाला तिसरा, दोन्हींच्या पोस्टरवर तोच टोपीवाला होगन आहे. तुम्हाला हवा तो पीटर फेमन दिग्दर्शित. चुकीचा भाग भाड्याने घेतलात तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

कुठे आहे ते 'जस्टवॉच'वर (कुठला सिनेमा कुठल्या सेवेवर आहे ते सांगणारी साइट) शोधा, पण देश भारत निवडलाय ना ते तपासून. नाहीतर अमेरिकेची यादी बघून हुरळून जाल. सबस्क्रिप्शनमध्ये दिसला तरी शुक्रवारी रात्री पुन्हा खात्री करा. हक्क देशागणिक वेगळे आणि मुदतीचे असतात. भाड्याने घेतल्यास सहसा ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा. 'चालतोय का बघू' म्हणून गुरुवारी दुपारी दाबलंत, तर शनिवारी रात्री पुन्हा पैसे. सबटायटल्स आहेत की नाहीत ते पैसे भरण्याआधी तपशिलाच्या पानावर दिसतं.

दिवाभीत
यूट्यूबचं कारण सांगतो. कॉपीराइटची तपासणी चुकवायला लोक चित्र आरशासारखं उलटं करतात, वेग वाढवतात, झूम करतात. दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या की समजायचं. हा सिनेमा २.३५:१ चा आहे, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट, त्यामुळे टीव्हीवर खाली-वर काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. पडदा पूर्ण भरला असेल तर चित्राचा जवळपास पाव भाग कापला गेलाय; उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडूचं ते अफाट माळरान गेलं आणि दोघं बोलत असली तर एकाचा कानच उरतो. तुमच्या टीव्हीचा झूम मोडही बंद ठेवा.

केबल थेट लॅपटॉपमधून टीव्हीत घाला. मध्ये व्हीजीए कन्व्हर्टर असला तर एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणामुळे पडदा काळा राहतो. शिवाय ब्राउझरमध्ये बऱ्याच सेवा मुद्दाम कमी दर्जाचं चित्र देतात. एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक कुणाकडून मिळाली तर तीच लावा.

पाणकोंबडा
धन्यवाद! मावसबहीण सिडनीला असते. तिच्याकडून डीव्हीडी मागवली तर?

रीळवाला
शनिवारपर्यंत काही यायची नाही, पण मागवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात मूळ आवृत्ती १०४ मिनिटांची होती, अमेरिकेसाठी कापून साधारण ९७ची केली. मात्र पाकिटावरच्या आकड्याने फसू नका. पाल (तिकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडी सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी चालवते, त्यामुळे १०४ची १०० मिनिटं होतात आणि आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. १०० लिहिलंय म्हणजे पूर्ण आहे. ९३ असेल तर ती अमेरिकन.

आता रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याची खूण. तिकडची डीव्हीडी रीजन ४, भारतातले प्लेअर रीजन ५. ब्लू-रे तिकडे बी, आपल्याकडे सी. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. आधी न बदलता व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावून बघा, पुष्कळदा चालते.

चकलीकाका
आईबाबा सोबत आहेत म्हणून सांगतो: न्यूयॉर्कच्या भागात पार्टीतल्या कोकेनचा प्रसंग आहे, तो निरुपद्रवी. बारमध्ये एका ट्रान्स बाईला चाचपण्याचा विनोद आहे, तो मात्र आज बघवत नाही. २०२५च्या ४के आवृत्तीतून तो काढलाय, जुन्या डिस्कवर असणारच. रिमोट जवळ ठेवा.