खुब्याचं ऑपरेशन झालं, आता म्हातारीला उठवायचं की झोपू द्यायचं?

खानापूरकर
खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं की बहुतेक पेशंटना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. रॉड किंवा नवा सांधा बसवायचा तो त्यासाठीच. घरी आल्यावर मात्र आमच्या भागात दोन-तीन महिने खाट सुटत नाही. पै-पाहुणे येतात, 'उठू नका हां आज्जी' म्हणतात आणि चहा पिऊन जातात. माझं स्पष्ट मत आहे, हा आराम म्हाताऱ्या माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी किलोभराच्या आसपास घटले. त्यांचं तर काही मोडलंही नव्हतं!

वडगावची सून
दादा, सांगणं सोपं आहे. आमच्या घरात माग आहेत, मालक दिवसभर तिकडं. सासूबाईंना उठवायला मी एकटी. न्हाणी मागच्या दारी, पावसाळ्यात परसात शेवाळ. त्या पडल्या आणि दुसरा खुबा मोडला तर कोण जबाबदार? पाय टेकला की कळवळून ओरडतात. त्या वेदना बघून 'चाला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्यात माझं चुकतंय असं मला वाटत नाही.

हिंडलग्याची नर्स
ताई, भीती खरी आहे. पण झोपून राहण्यातही जीवाला धोका आहे. पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा पडतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. मोडलेल्या पायावर वजन किती टाकायचं ते सर्जननाच विचारा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी द्यायची का, तेही विचारून घ्या. न्हाणीपर्यंत नेऊच नका, खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. आणि नुसत्या पेजेवर ठेवू नका हो! अंडं, डाळ, दूध, मटकीची उसळ, जे पचेल ते द्या. स्नायू भरायला प्रोटीन लागतं.

येळ्ळूरचा शेतकरी
मला दोघांचंही पटत नाही. आमच्याकडं रोग उलटा आहे. रोप लावणीला आलं की मोडका माणूसही घरात थांबत नाही. आमच्या भावकीतल्या एकाच्या मनगटाचं प्लास्टर ६ आठवड्यांनी निघालं, लगेच गडी चिखलात उतरला. हाड जुळलं होतं, पण मुठीत जोर नव्हता. आज त्याला खुरपं नीट धरता येत नाही. तुम्ही सरसकट 'उठवा, उठवा' लिहिलंत की असली माणसं तेच ऐकतात.

खानापूरकर
पण मी शेतात पाठवा म्हटलेलं नाही. उठणं वेगळं, राबणं वेगळं. तुमच्या भावकीतल्या माणसाला प्लास्टरमध्ये असतानाच बोटं हलवायला आणि ते निघाल्यावर मनगट हळूहळू वळवायला कुणी शिकवलं होतं का? मधला हा टप्पाच आपल्याकडं गाळला जातो. एक तर खाट, नाही तर नांगर.

येळ्ळूरचा शेतकरी
शिकवलं असेलही. पण फिजिओकडं जायचं म्हणजे बेळगावची खेप आणि दिवसाचा रोजगार बुडाला. सुगीत ते कुणाला परवडतं, ते आधी सांगा.

वडगावची सून
उद्यापासून दोन्ही वेळचं जेवण खुर्चीत बसवून देते, कमोडचंही बघते. चालवायचं मात्र फिजिओ घरी येतील तेव्हाच. एकटीनं मी तो धोका पत्करणार नाही.

हिंडलग्याची नर्स
फिजिओ रोज येणार नाहीत, ताई. रात्री माग थांबल्यावर मालकांना एका बाजूला उभं करा. त्यांची आई आहे ती.