सुट्टी, संग्रहालय आणि बरबटलेले हात : तुमचे अनुभव लिहा

मे महिना लागला की दुपारभर मुलांचं करायचं काय, हा आमच्या घरचा जुना प्रश्न. यंदा वही-पेन्सिली घेऊन सगळे संग्रहालयात गेलो. तुम्हीही घरच्यांबरोबर असं चित्र, मातीकाम, कागदकाम केलं असेल तर लिहा. फसलेलं असलं तर आधी लिहा. सुरुवात मी करते.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. मस्तानी महाल लेकाने बघितल्यासारखा केला आणि अडकित्त्यांपुढे ठाण मांडलं. सुपारी कुठे धरायची, पातं कसं दाबायचं, हे सासूबाईंनी हातवारे करून दाखवलं. त्याचा अडकित्ता मगरीसारखा दिसतो, पण सांध्यावरचा खिळा जागच्या जागी आहे. माझ्या चित्रात खिळाच नाही. म्हणजे माझा अडकित्ता उघडणारच नाही!

*

आमचं भायखळ्याचं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. चारही बाजूंनी त्याची चित्रं काढली आणि घरी येऊन शाडूचा हत्ती करायला बसलो. (मागची बाजू नीट काढा, नाहीतर शेपटीवरून भांडणं होतात.) सोंड तीनदा गळून पडली. लेक रडकुंडीला आली. शेवटी तिला सांगितलं, अगं, इंग्रज हा हत्ती विलायतेला न्यायला निघाले तेव्हा, १८६४ साली, क्रेन तुटून त्याचेही तुकडे झाले होते. ते १९१४ मध्ये जोडले. झालं! बाईसाहेबांनी उरलेला हत्तीही फोडला आणि 'बाबा, आता १९१४' म्हणून मला जोडायला बसवलं. रात्री साडेदहापर्यंत जोडत होतो.

*

आम्ही लंडनला असतो. इथे हाफ टर्मच्या सुट्टीत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मुलांसाठी फुकट कलाकाम असतं. आमचा मुक्काम मात्र टिपूच्या लाकडी वाघापाशी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हा इंग्रजांच्या हाती लागला. पोटात छोटा ऑर्गन आहे, वाघाखाली गोरा आडवा पडलाय. धाकट्याने पुठ्ठ्याचा वाघ केला आणि खाली गोऱ्याच्या जागी चष्मा लावलेला बाबा. कशाबद्दलचा राग ते अजून कळलं नाही.

*

माझी कबुली. एका संग्रहालयातल्या पालक-मुलं कार्यशाळेत मातीचं भांडं करायचं होतं. मुलीचं वाकडं होतंय म्हणून मी 'जरा' हात लावला. वीस मिनिटांनी मान वर केली तर भांडं सुरेख झालेलं आणि मुलगी पलीकडच्या आजोबांना मदत करत होती. ते भांडं आता माझ्या टेबलावर आहे. तिने घ्यायला नकार दिला.

*

वरच्यांचं वाचून हेवा वाटला. आमचं पाऊण तासात आटोपलं. पंधरा मिनिटं चित्र, उरलेला वेळ 'डबा कधी उघडायचा?'